हात वर करणारी पोरगी

एटापल्ली

प्रिय दिव्यानी,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, पण राहू दे. फोन केला असता तर शिव्याच दिल्या असत्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू निळी टिक देऊन गप्प बसतेस, म्हणून पत्र. पूर्ण वाच. अर्ध्यात ठेवशील तर तुला आपल्या कोरपन्याच्या ग्राउंडची शपथ आहे.

ब्रह्मपुरीची बास्केटबॉलची फायनल होऊन दिवाळीही उरकली, तरी माझा राग जात नाही. हरलो म्हणून नाही. हरायची आम्हाला सवय आहे. हॉस्टेलच्या पोरींना जीपमध्ये कोंबून आणायचं, वाटेत दोघी ओकणार, उतरल्या उतरल्या मॅच, आणि समोर बूट चमकवणाऱ्या कॉलेजच्या उंच पोरी. त्याचंही मला काही नाही. राग आहे तो ललितासाठी. ललिता म्हणजे आमची सात नंबरची, जिला शेवटच्या मिनिटाला पाचवा फाऊल देऊन तू बाहेर बसवलंस.

धक्का लागला म्हणजे फाऊल होत नाही, हे मला शिकवू नकोस. दहा जणी एका बॉलमागे धावणार, अंगाला अंग लागणारच. त्यानं कुणाचा तोल गेला का, कुणाची वाट अडली का, बॉल फुकटात कुणाच्या हाती गेला का, रेफ्रीनं एवढं बघायचं. नाही तर सोडून द्यायचं. सोडून देणं हीसुद्धा रेफ्रीची अक्कलच असते. पण पहिल्या हाफमध्ये ललिता शॉट मारून हवेत होती, तेव्हा ती ब्रह्मपुरीची उंच पोरगी तिच्या खाली येऊन उभी राहिली. ललिता तिच्या बुटावर उतरली आणि आडवी झाली. तू हातानंच 'चालू द्या' केलंस. हवेतल्या खेळाडूला उतरायला जागा सोडायची असते, हे काय मी तुला सांगायचं? तुला दिसलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. ललिता ओरडली नाही, लंगडत उठून धावायला लागली. आमच्या पोरी ओरडत नाहीत गं. बाकीच्या टीमच्या पोरी नख लागलं तरी 'आई गं' करून लोळतात, आणि तुमच्या शिट्या त्या आवाजावर वाजतात.

आता शेवटचं मिनिट. आम्ही एका पॉइंटनं पुढे. रिंगवरून उसळलेल्या बॉलसाठी ललितानं उडी मारली आणि तो हाती येण्याआधी तिचा खांदा त्याच उंच पोरीच्या दंडाला घासला. ती जागची हललीसुद्धा नाही. मी बेंचवरून तुझ्याकडेच बघत होते. शिटी तुझ्या ओठांत होती, पण तू वाजवणार नव्हतीस. तू पळायला पाऊलही उचललं होतंस. अगदी बरोबर होतं ते. तेवढ्यात ललितानं हात वर केला. तू तो हात पाहिलास आणि मग शिटी वाजवलीस. आमच्या टीमचे फाऊल भरलेले, म्हणून त्या पोरीला दोन फ्री थ्रो मिळाले; दोन्ही बास्केटमध्ये गेले आणि आम्ही हरून घरी आलो.

तो हात कुठून आला, हे त्या ग्राउंडवर आपल्या दोघींनाच माहीत होतं. कोरपन्यात आपल्याला रेफ्री कोण देणार होतं? बॉलवरची सिमेंटची धूळ फ्रॉकला पुसून खेळायचो आणि रोज झिंज्या धरून भांडायचो. शेवटी तूच नियम काढलास. जिचा धक्का लागला तिनं आपणच हात वर करायचा, आणि तो फाऊल की नुसतंच लागलं, ते बाकीच्यांनी ठरवायचं. अर्ध्या वेळा तर तूच ओरडायचीस, "काई नाई झालं वं, चाल, खेळ!" तोच तुझा नियम मी इथं आणला. इथंही रोजच्या खेळाला रेफ्री नसतो. हात वर करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, हे तुझ्याहून जास्त कुणाला कळायला हवं होतं?

मॅच संपल्यावर विचारायला आले, तर तू बाटलीतलं पाणी पीत म्हणालीस, "तिनंच हात वर केला, मी काय करू? मले तं काईच नाई दिसलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिसलं नाही तर वाजवलीस कशाला? पोरींनी स्वतःच सांगायचं असेल तर तुझ्या गळ्यात शिटी काय शोभेला आहे? जिनं पाय खाली घातला तिनं हात वर केला नाही, म्हणून ती सुटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आता पत्र का लिहिलं ते ऐक. ललिता हॉस्टेल सोडून गावी गेली आहे. मी गेले तेव्हा ती वडिलांबरोबर धान कापत होती. विभागाच्या टीमची निवड पुढच्या आठवड्यात आहे, तिला बोलावणं आलंय, आणि ती येत नाही म्हणते. तो फाऊल नव्हता, असं मी घसा फोडून सांगितलं. तिनं विळासुद्धा थांबवला नाही. "शिटी वाजली ना मॅडम. मंग चूक माहीच. माह्यामुळं साऱ्याजनी हारल्या. तुमी तं काय, आमच्याच बाजूच्या." तिचे वडील इतवारीभाऊ मला शेताच्या धुऱ्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "शिटीवाली बाई येऊन सांगन, तवाच पटन तिले." म्हणून शनिवारी ये. मी एटापल्लीच्या स्टँडवर उभी राहीन, तिथून गावापर्यंत मी नेते. नियम सांगू नकोस, समजूत काढू नकोस. कोरपन्यात करायचो तसा तिच्यासमोर उभी राहून हात वर कर. 'काई नाई झालं वं' म्हणायचं की नाही, ते ती ठरवेल.

अजून तरी तुझीच,
करिष्मा