हुंकार

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुरे कर ताई, मी ओळखलंय, असं तुला आत्ताच म्हणालो. तरी तू वाक्य पूर्ण केलंस आणि मग फोन ठेवलास. हातातलं काम बाजूला सारून हे लिहितोय, कारण मतं नोंदवणाऱ्या आमच्या समितीचं काम संपेपर्यंत आम्हाला कंपनीच्या माणसांना फोन करायला बंदी आहे. पत्राबद्दल नियमात काही नाही. नियम लिहिणाऱ्याला पत्र आठवलंच नसावं.

आठवडाभर इथे दुसरा विषय नाही. राज्याचा कारभार सुधारायला सरकारने जी विधेयकं आणली, त्यात तुमच्या टेलिफोनचंही एक आहे. आजवर कंपनीला शेवटच्या घरापर्यंत तार ठेवावी लागायची. आता ज्या घरातून 'हो' येईल तिथली तार लगेच काढून बघणार, आणि असे 'हो' पुरेसे जमले की कायदा सगळ्यांना लागू होणार. लोकांचं मत फोनवरच घेतात. आम्ही चौघं कानाला यंत्र लावून एका खोलीत बसतो. समोर दोन बटणं. हिरवं म्हणजे हो, तांबडं म्हणजे नाही.

बहुतेक फोन तुमच्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचे. सगळे म्हणतात की आम्ही साधे नागरिक म्हणून बोलतो आहोत, आणि सगळे 'साधे'च्या आधी जरासे थांबतात. शेजारचा टायपिस्ट म्हणतो, एका वर्गातली पोरं आहेत, मागे मास्तर उभा आहे. मीही हसलो होतो. मग तुझा फोन आला आणि तूही तिथेच थांबलीस.

तू नोकरीला बांधलेली आहेस हे मला कळतं. पण आईचं घर त्या खोलगटात आहे, तिथे मोबाइलला रेंज येत नाही. मागे छातीत दुखलं तेव्हा तिने त्याच तारेवरून डॉक्टरांना बोलावलं. तुझ्यासाठी हिरवं बटण दाबताना बोट जड झालं.

भाऊजींना नमस्कार. राग आला तर येऊ दे, पण फार दिवस धरून बसू नकोस.

तुझा,
खडू


९ मार्च

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

मी तुला फोन केलेला नाही. हे वाक्य दोनदा वाच, कारण तुला वाटेल मी कानावर हात ठेवते आहे.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावर टेबलं मांडली आहेत. तिथे बसून, समोर लिहिलेलं वाचून, स्वेच्छेने फोन करायचा. स्वेच्छेची वेळ अकरा ते एक. ज्यांची बढती अडली आहे त्यांची स्वेच्छा सगळ्यात दांडगी. माझीही अडली आहे, म्हणून मी पहिल्या दिवशी घसा बसल्याचं सांगितलं आणि पुढे रोज तो बसवूनच ठेवला. परवा साहेबांनी बोलावलं. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. ते हसले, घशाला जपा म्हणाले, तुमचं तर झालेलं आहे. मला वाटलं त्यांनी मला दुसरंच कोणी समजलं. मी तशीच खाली आले. आता तुझं पत्र हातात आहे.

तुला आठवत असेल, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, हे राज्यभर माझ्याच आवाजात ऐकू येतं. तुझे भाऊजी म्हणतात, नाही म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तो निरोप ध्वनिमुद्रित करताना मला स्पंज लावलेल्या खोलीत बसवलं होतं. आधी वाक्यं वाचून घेतली, मग सुटे शब्द, मग नुसतेच आवाज. हसायला सांगितलं. उसासा टाकायला सांगितलं. आई अशी हाक चार तऱ्हांनी मारायला सांगितली. क्रमांकाच्या निरोपात हाक कशाला लागते, हे मी विचारलं नाही. खोलीत फार शांत होतं, आणि मला लवकर बाहेर पडायचं होतं.

आईला मी महिनाभर फोन केलेला नाही. तिने तारेचं विचारलं तर काय सांगू? कंपनीची बाजू घेतली तर तिच्याशी खोटं, आणि तिची घेतली तर ऐकणारे कंपनीतच आहेत. तू रविवारी करतोस ना, तेवढ्यावर भागव. ती माझ्यावर रुसली असेल. रुसू दे, रुसणाऱ्या माणसाची तब्येत चांगली असते.

माझ्या आवाजात कोणी आलंच तर तू तांबडं दाब. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


१३ मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोज संध्याकाळी फोनवर बोलतोच आपण, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण एक गोष्ट फोनवर विचारवत नाही.

आधी चांगलं सांगते. महिनाभर तुझा फोन एक दिवस चुकला नाही. पूर्वी तू पंधरवड्याने करायचीस, आणि माझं वाक्य अर्धं व्हायच्या आत, बरं आई ठेवते, म्हणायचीस. आता पुरतं ऐकून घेतेस. गुडघ्याचं सांगितलं, शेजारणीच्या सुनेचं सांगितलं, तेच परवा पुन्हा सांगितलं तरी तू म्हणाली नाहीस की हे झालंय सांगून. माझी लेक इतकी गुणी कधी झाली, असं शेजारणीला म्हटलं. ती म्हणाली, वय झालं की होतात.

परवा तू काही तरी लांबलचक सांगत होतीस, कायद्याचं, तारेचं. मी चष्मा शोधत होते. एकीकडे हं, हं करत होते, तू बोलत होतीस म्हणून. मग तू आभार मानलेस. आईचे कोणी आभार मानतं का? हसू आलं मला.

आता विचारायचं ते. तू बरी आहेस ना? तुझ्या मागे कसलाच आवाज येत नाही. पंखा नाही, भांडं नाही, जावईबापू खोकत नाहीत, खाली रस्ता असून गाडी नाही. तू बोलायची थांबतेस तेव्हा पलीकडे काहीच नसतं. श्वाससुद्धा ऐकू येत नाही. काल मी फोन कानाला दाबून बराच वेळ ऐकत होते. मग तू मला हाक मारलीस. अगदी लहानपणी मारायचीस तशी. मला रडू आलं.

काही लपवत असलीस तर लपवू नकोस. कोणाशी भांडली असलीस तर इकडे ये. लोभ आहेच, तो काही तारेवर अवलंबून नाही.

तुझी,
आई


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालचं जसं घडलं तसं लिहितो.

कंपनी आता लोकांना स्वतःच फोन करते आणि मत घेण्यापुरती आमची लाइन मध्ये जोडून देते. काल पाचच्या सुमाराला असा एक माझ्याकडे आला. तुझा आवाज कोणाला तरी समजावत होता, की सुधारणा सगळ्यांच्या भल्याची आहे, जुनी तार काढली की कामं सोपी होतील. तुझी आज्ञा आठवून मी तांबड्यावर बोट ठेवलं. पलीकडून उत्तर आलं, हं. मग पुन्हा हं.

तो हुंकार मी कुठेही ओळखीन, ताई. लहानपणी आपण शाळेतलं सांगायचो तेव्हा ती भाजी चिरताना जसा द्यायची तसाच. ऐकते आहे, बोल पुढे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात होकार कधीच नसायचा. सहलीला जाऊ का विचारलं की हं, आणि सकाळी दप्तर भरून तयार.

मी आई म्हणालो. ती म्हणाली, हं. मी म्हणालो, आई, मी खडू, फोन ठेव. त्यावर तुझा आवाज मध्येच आला. मला म्हणाला, खडू, थांब जरा. तेवढंच. मग तो तिच्याकडे वळला आणि विचारलं, मान्य आहे ना, आई?

माझं हे नाव त्यांना कोणी दिलं? तू त्या खोलीत ते म्हटलं होतंस का? आठवून बघ.

मी कुठलंच बटण दाबलं नाही. पाच सेकंद दाबलं नाही की फोन शेजारच्या टेबलावर जातो. टायपिस्टने हिरवं दाबलं. मी त्याच्याशी वाद घातला. तो म्हणाला, अरे, बाई हं म्हणाली की. आमचे वरिष्ठ आले, त्यांनी ध्वनिफीत दोनदा ऐकली आणि निकाल दिला की हं म्हणजे हो, शंका असेल तर शब्दकोश बघा. मी म्हणालो, ती माझी आई आहे. तर म्हणाले, मग तुम्ही या प्रकरणात बोलूच नका, नात्यातलं आहे.

रात्री आईला फोन लावला तर लाइन व्यग्र. आज दिवसभरही व्यग्र. तू जा तिथे. मला शनिवारपर्यंत सुट्टी नाही. तू समोर बसलीस म्हणजे तिला पटेल.

वाट पाहतोय, तुझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

खडू


२२ मार्च

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी पोचले. साहेबांना सांगितलं नाही. तुझं नाव मी त्या खोलीत घेतलं होतं का, ते बसमध्ये आठवत आले. शेवटच्या दिवशी त्यांनी घरच्यांविषयी काहीही बोला म्हणून सांगितलं होतं, आणि मी बोलले होते.

आईने दार उघडलं आणि मला नीट बघून घेतलं. आनंद झाला, पण जरा बेताचाच. वाळलीस म्हणाली, आवाज जड झालाय म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. महिनाभर फोन केला नाही, तो आवाज माझा नाही, तू कशालाही हं म्हणू नकोस. ती ऐकत होती. मध्ये मध्ये हं म्हणत होती.

माझं संपल्यावर तिने विचारलं, महिनाभर एकदाही नाही? मी म्हणाले, नाही. ती उठून खिडकी लावायला गेली. मला वाटतं तिला तारेपेक्षा तेच लागलं.

सहाला फोन वाजला. ती माझ्या आधी पोचली. मी हात धरला तर तिने तो हळूच सोडवला, बोट ओठांवर ठेवलं, आणि मला म्हणाली, थांब, ताईचा आहे.

मी उभी राहून बघत होते. ती गुडघ्याचं सांगत होती. मला सांगितलं होतं त्याहून जास्त सांगत होती. रात्री जिना चढताना भीती वाटते, हे मला माहीतच नव्हतं. मग तिने रिसीव्हर माझ्याकडे धरला, तुझ्याशी बोलायचं आहे म्हणाली, जणू दोन बहिणींची गाठ घालून देत होती.

मी कानाला लावला. आईने मला पत्रात लिहिलं होतं तसंच आहे, मागे काहीही नाही. माझ्या आवाजाने मला विचारलं, आपल्याला हे मान्य आहे ना? खडू, मला ओरडायचं होतं. पण काहीही म्हटलं तरी ते त्यातून एखादा तुकडा कापून घेतील असं वाटलं. 'नाही' म्हटलं तर त्यांच्याकडे माझं आणखी एक 'नाही' जमा होईल, आणि होकार तर त्यांच्याकडे आहेच. म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं. श्वाससुद्धा रोखला. तिकडेही शांत. शेवटी ती म्हणाली, धन्यवाद, आपलं मौन नोंदवून घेतलं आहे, आणि फोन ठेवला.

आईने विचारलं, काय म्हणाली?

ता. क. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं इथेच लिहिते. आज सकाळी तार काढायला माणूस आला. मी दारात आडवी उभी राहिले, संमती नाही म्हणाले. भला माणूस होता, टोपी काढून गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, बाई, पहाटे मला उठवून सकाळी या म्हणून तुम्हीच सांगितलंत, हाच आवाज. ताईनेच बोलावलंय ना, असं म्हणून आईने त्याला आत घेतलं आणि स्टूल दिलं. खांबापासून भिंतीपर्यंतची तार गुंडाळून तो नऊच्या आत गेला. आई माझ्याबरोबर शहरात यायला तयार नाही, त्यामुळे मी इथेच राहते आहे. रजा कळवायला आता फोन नाही.

तुझी,
ताई