हळद न लागलेली वही

गुरुजी,

तुमचा एक प्रश्न मी महिन्याभरापूर्वी माझ्या वर्गात विचारला आणि तो माझाच असल्यासारखा विचारला, हे आधी सांगून टाकते. मी आता मास्तरीण आहे. वसमतकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. निरोप आठ दिवसांनी पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर कितीदा वाटलं की तुम्हाला लिहावं, पण मेलेल्या माणसाला पत्र लिहायला बसलं की आपणच आपल्याला येडपट वाटतो. आज वाटलं तर वाटू दे. शाळा सुटलीय, पोरं गेलीत, शिपाईमामा दोनदा कुलूप वाजवून गेले, आणि मी सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून लिहितेय.

तो प्रश्न तुम्ही आमच्या सातवीच्या पहिल्या दिवशी विचारला होता. ना नाव विचारलंत, ना सहावीचे मार्क. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणालात, "सांगा, कोण कोणत्या वाटेनं घरी जातं?" आम्हाला वाटलं, गुरुजींना कुणाच्या तरी घरी निरोप धाडायचा असेल. तुम्ही फळ्यावर चार वाटा लिहिल्या. नदीची वाट, हट्टा गावाकडची वाट, गावातली गल्ली आणि तांड्याची वाट. ज्याची जी वाट, त्याचा तो गट. मी सहावीत पहिली आलेली, वडलांची जमीन बरी, कपाळावर तेज वगैरे. गावातल्या दुकानदाराच्या पोरींशेजारी बसायचं हे मी मनात कधीच ठरवून टाकलेलं. पण आमचा आखाडा, म्हणजे रानातलं घर, पडला तांड्याच्या वाटेवर. तांड्यावरची तीन लेकरं आणि मी, असा आमचा गट झाला. माझं तोंड पडलेलं तुम्ही पाहिलंत आणि सगळ्या वर्गाला सांगितलंत, "शाळा पाचला सुटती. शिकणं कशाला सुटायला पाहिजे? वाटेनं बोलत जा."

तुमचे नियम दोनच होते. एक, गटाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ज्यानं हात वर केलाय त्यानं द्यायचं नाही. ज्यानं केला नाही, त्यानं द्यायचं. त्याला आलं तर गटाला आलं. हा नियम मला फार जाचला. मला येत असून मी गप्प बसायचं आणि शेजारच्या पोरीला येईस्तोवर तिला सांगत राहायचं, म्हणजे मला शिक्षाच. दुसरा नियम, जो शाळेत आला नाही त्याचा धडा त्याच वाटेवरच्या पोरानं त्याच्या घरी पोचवायचा. आमच्या भागात हळद निघाली की निम्मा वर्ग रिकामा होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यावर तुम्ही कधी कुणाच्या आईबापाला बोल लावला नाही. फक्त सांगितलंत की लेकरू नाही आलं तर धडा जाईल.

आमच्या गटात एक पोरगी होती, तांड्यावरची. घरी तिची बोली वेगळी, शाळेत मराठी बोलताना ती आधी मनात जुळवणी करायची, म्हणून वर्गाला ती मठ्ठ वाटायची. मलाही वाटायची. त्यांची स्वतःची दीड एकर हळद होती. हळद शिजवायला लागली तशी ती पोरगी बारा दिवस शाळेत आली नाही. तिचा धडा पोचवायची पाळी माझी. नेमके अपूर्णांक चालू होते. मी दोन दिवस तिच्या रानात गेले. तिसऱ्या दिवसापासून गेले नाही. तिची वही माझ्याकडंच होती, मी रोज घरी बसून तिचा सगळा अभ्यास तिच्या वहीत उतरवून काढला. नुसता उतरवला नाही, तिचं अक्षर डावीकडं कलायचं, तसंच कलतं काढलं. दोन ठिकाणी मुद्दाम चुकाही केल्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठून येते कोण जाणे.

ती परत आली त्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मी वही तिच्या हातात कोंबली. ती पानं उलटून म्हणाली, "हे काय गं? मी तर काहीच लिवलं न्हाई." मी म्हणाले, "गप. गुरुजींनी मागितली की दे." तुम्ही वह्या तपासायला घेतल्या. तिची वही उघडलीत, एक पान पाहिलंत, दुसरं पाहिलंत, मग एकदम भराभरा सगळी पानं चाळलीत. मग तिला म्हणालात, "हात दाव." तिनं हात पुढं केले. मनगटापर्यंत पिवळे. नखांच्या कडा तर पार केशरी. तुम्ही वही मिटून तिला परत दिलीत आणि पुढचा धडा घेतलात. मला वाटलं, सुटले.

पाचला शाळा सुटली आणि तुम्ही सायकल हातात धरून फाटकाशी उभे. "चल गं, आज मी बी तुमच्याच वाटेनं येतो." बाकीची तिघं पुढं गेली तशी तुम्ही हळूच विचारलंत, "ती वही कुणी लिवली?"

"तिनंच."

"बारा दिवस हळदीत हात होते तिचे. तुमच्या वर्गातल्या ज्याच्या त्याच्या वहीला सध्या पिवळी बोटं लागून राहिली. हिच्या वहीला एक बी डाग न्हाई. असं काहून?"

आमच्याकडं त्या वर्षी हळद नव्हती, सगळा कापूस होता आणि तो कधीच घरात येऊन पडला होता. माझे हात धुतलेल्या तांदळासारखे. अक्षर कलतं काढायचं सुचलं, पण हळदीचं बोट उमटवायचं सुचलं नाही. मी रडायला लागले. तुम्ही रडू दिलंत. मग म्हणालात, "तू तिला मदत न्हाई केली. तिचं शिकणं तू खाऊन टाकलं. वही भरली, पण तिच्या हाती काय लागलं?" आवाज चढवला नाहीत. तो चढवला असतात तर मी घरी जाऊन विसरले असते. "लिवलंस काहून पण? जाऊन शिकवायचं सोडून?"

मी म्हणाले, "वेळच मिळाला न्हाई गुरुजी. घरी लई काम राहतं सांजच्याला."

तुम्ही मान हलवलीत आणि मला घेऊन सरळ तिच्या रानात गेलात. तिची आई कढईपाशी होती, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर वाफ. तिनं लगबगीनं पोतं झटकून तुम्हाला बसायला दिलं. तुम्ही बसून बघत राहिलात. आई वरची, मधली, तळातली अशी हळकुंडं काढून त्यात काडी टोचून बघत होती, काडी अलगद गेली की शिजली. तुम्ही त्या पोरीला विचारलंत की सगळीकडची काहून बघता, आणि ती अशी धडाधडा सांगायला लागली की वर्गात जिला मी मठ्ठ म्हणत होते ती हीच का, असं कुणालाही वाटावं. मग बोलता बोलता तुम्ही टोपल्यांवर आलात. "एक टोपली पाऊण भरली. दुसरीचे तीन हिस्से केले अन् दोन भरले. जास्ती कशात?" मी काडीनं जमिनीवर छेद समान करायला घेतले. ती म्हणाली, "पाऊण भरली तिच्यात. तिच्यात पावच कमी हाय. दुसरीत तिसरा हिस्सा कमी हाय. ज्याच्यात कमी थोडं, ते जास्ती." तुम्ही मोठ्यानं हसलात. "मला बी हे असं कधी सुचलं न्हवतं," म्हणालात. तिची आई काडी हातात धरून लेकीकडं बघत राहिली. त्यानंतरचे चार दिवस आमचा गटच त्या कढईपाशी भरला, आणि वार्षिक परीक्षेत ती गणितात माझ्यापुढं गेली. तुम्ही बक्षीस म्हणून कंपासपेटी आणलीत, तीही दोघींत एक. मी फुगून बसले होते. कर्कटक तिच्याकडं आणि कोनमापक माझ्याकडं, म्हणजे वर्तुळ काढायला मी तिच्याकडं आणि कोन मोजायला ती माझ्याकडं. ती आता तिच्या सासरच्या तांड्यावर अंगणवाडी चालवते. कोनमापक अजून माझ्याकडं आहे, आकडे पुसून गेलेत.

आता माझ्या वर्गाचं सांगते. ह्या वर्षी पोरं सातवीत आल्यावर मी त्यांची चाचणी घेतली आणि तीन गट पाडले. येणारी, थोडं येणारी, न येणारी. रोज अर्धा-पाऊण तास असं बसवून ज्याचं जिथं अडलंय तिथून शिकवावं, ह्यात काही वाईट नाही, मी ते अजूनही करते. मला तर ते लगेच पटलं, हळदीच्या मुलखातली ना मी. हळदीचे जाड गड्डे वेगळे शिजवायचे, बारीक हळकुंडं वेगळी. पण मी त्यांना दिवसभर तसंच बसवलं. सोयीचं होतं. पहिला गट भराभर पुढं जायचा, तिसरा खिडकीशी बसून बेरजा करायचा, गलका नाही. त्या तिसऱ्या गटात एक पोरगी आहे. लहानखुरी, वेणीला एकाच बाजूला रिबन. आठवड्यातले दोन-तीन दिवस यायची, मग एकच. आई म्हणाली, नको म्हणतीय शाळा. एक दिवस तिची गणितं बरोबर आली म्हणून मी मोठ्या कौतुकानं म्हणाले, चल, तुला दुसऱ्या गटात बसवते. ती बाक धरून बसली. म्हणाली, "मॅडम, मला नका हलवू. इथं कुणी काई इचारत न्हाई."

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि तसाच मिटला. दोन महिने त्या पोरीला मी एकच गोष्ट नीट शिकवली होती, ती म्हणजे आपल्याला कुणी विचारणार नाही. अजून महिना गेला असता तर ती शाळेतून सुटली असती आणि हजेरीपटावर मी कारण लिहिलं असतं, घरकाम.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा प्रश्न विचारला. पोरं हसली. आता वाटाही पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. निम्मी पोरं ऑटोनं येतात, म्हणून एक गट ऑटोचा करावा लागला आणि सगळ्यात जास्त धिंगाणा त्याच गटाचा. पण ती रिबनवाली आणि वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी एकाच पाणंदीनं घरी जातात, हे मला दोन महिने माहीत नव्हतं. हुशार पोरगी माझ्याकडं आली, तोंड पाडून. "मॅडम, मला न्हाई हिच्यासंग बसायचं. ही काई बोलतच न्हाई." मी तिला तुमचा पहिला नियम सांगितला. ती रागानं पाय आपटत गेली. मला तिचं इतकं बरं वाटलं, काय सांगू.

पहिले दोन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. चमत्कार होतात ते भाषणांत. हुशार पोरगी उत्तर कानात फुंकायची आणि दुसरी ते पोपटासारखं म्हणायची. मी उत्तर झालं की विचारायची, "कसं काढलं?" की दोघी एकमेकींकडं बघायच्या. रिबनवाली मधे दोन दिवस आली नाही तेव्हा पाणंदीवरून धडा गेला, खरंच गेला, कारण वहीत एक ओळ एकीच्या अक्षरात आणि पुढची दुसरीच्या अक्षरात होती आणि मधे भरपूर खाडाखोड. मी त्या खाडाखोडीवर लाल पेनानं छान म्हणून लिहिलं. आणि आज, छेद समान करण्याचं मी फळ्यावर दाखवत असताना मागून आवाज आला, "मॅडम, मला न्हाई समजलं. पुन्हा सांगा." वळून पाहिलं तर ती. उभी राहिलेली. सगळा वर्ग तिच्याकडं बघतोय आणि ती बसत नाहीये. गुरुजी, उत्तर बरोबर आलं असतं तर मला एवढा आनंद झाला नसता. मी पुन्हा सांगितलं. टोपल्या काढून सांगितलं. पाऊण भरलेली, आणि तीनातले दोन हिस्से भरलेली. ज्याच्यात कमी थोडं, ते जास्ती.

हे सगळं माझ्याजवळ आहे ते तुमच्यामुळं, आणि हे तोंडदेखलं म्हणत नाही. पण आज टोपल्यांचं सांगताना जीभ अडली, म्हणून लिहायला बसले. त्या दिवशी रानातून तुम्ही पुढं आमच्या आखाड्यावर आलात. वडलांना म्हणालात, "पोरीला सांजच्याला काम लई पडून राहिलं. तिचा एक घंटा सोडा." वडलांना कुणी असं सांगायची पद्धत नव्हती, पण तुम्हाला ते व्हय म्हणाले. आई माझ्याकडं बघत राहिली. माझं सांजचं काम म्हणजे दोन घागरी पाणी आणि एक कालवड बांधणं. दुसऱ्या दिवसापासून ते धाकट्या बहिणीकडं गेलं. तो घंटा दहावीपर्यंत कुणी मोडला नाही. मी मास्तरीण झाले ती त्या घंट्यावर.

हे पत्र कुठं टाकणार? जुन्या हजेरीपटात घालून ठेवीन, त्या कोनमापकाशेजारी. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहायचा धीर होतोय. तो टोपल्यांचा प्रश्न पुस्तकातलाच होता, तुमच्याआधी मी तो तिला विचारला होता, धडा पोचवायला गेले त्यातल्या दुसऱ्या दिवशी, तिच्या रानात. मी जमिनीवर काडीनं छेद मांडत होते आणि तिनं हळकुंडं पसरता पसरता मान वर न करता उत्तर दिलं, हेच, ह्याच शब्दांत. मी उठून घरी आले आणि पुन्हा गेले नाही. ती शिकली तर माझ्यापुढं जाईल हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडं हळद नाही, म्हणजे सांजचं एवढं कामही नाही, हे तुम्हाला माहीत होतं, मग माझ्या सबबीला तुम्ही खरंच फसलात का फसल्यासारखं केलंत, हे मला आजवर उमगलं नाही. तुम्ही विचारलं होतंत, काहून. वेळ होता, गुरुजी.