तापलेल्या चाकांवर पाणी

दादा, परवा माझ्या गाडीला तुमच्या त्या गाडीचा आजार झाला. पुण्याहून नगरला येत होते. शिरूर सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला म्हणून जरा दामटली, आणि पुढं एक ट्रक मध्येच घुसला तसा ब्रेक दाबला, तर अख्खं स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. हळू चालवताना काही नाही. ब्रेक न लावता पळवली तरी काही नाही. वेगात असताना ब्रेक दाबला की मात्र थडथड. घर येईपर्यंत मी मुद्दाम चारदा करून पाहिलं, वेड्यासारखं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं गाडीला हातसुद्धा लावला नाही, नुसतं विचारलं, "मॅडम, थरथर कुठं लागते? स्टिअरिंगला का सीटला?" झालं! पांढऱ्या केसांची, पेन्शन खाणारी बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिले. प्रश्न तुमचा होता, याच शब्दांत. फक्त तुम्ही बायको-लेकीला कधी मॅडम म्हणाला नव्हता.

मला वाटायचं, तुमचा आवाज मी विसरले असेन. कसला विसरते! बाहत्तरचा दुष्काळ चालू आहे, गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तुमची टॅक्सी नगर-कोपरगाव धावते आहे. काळी गाडी, दसऱ्याला तिच्या नाकावर हातभर जाड झेंडूची माळ. आईच्या लुगड्याला ठिगळं, पण गाडीच्या सीटला नवं कापड. ती गाडी तुमची लाडाची होती हे मी मान्य करते, नाहीतरी दुसऱ्या कुणाला तुम्ही कधी प्रेमानं थोपटल्याचं मला आठवत नाही. स्टँडवर तुमची ख्याती ब्रेकची. कुणाची गाडी ब्रेकला ओढते, कुणाची कुरकुरते, सगळे तुमच्याकडं यायचे. आणि नेमकी तुमचीच गाडी वेगात ब्रेक मारला की थरथरायला लागली. स्टँडवरचे लोक कशाला सोडतात? "वैद्यालाच खोकला झाला व्हय!" म्हणून हसले. तुम्ही त्या दिवशी घरी आलात आणि ताटाला लाथ मारलीत. आईनं भाकरी उचलून झटकली आणि स्वतःच्या ताटात घेतली.

तुमची दोष शोधायची रीत मात्र पक्की होती, ते नाकारून चालणार नाही. एकेक गोष्ट वगळत जायची. चाकाचे नट सारखे आवळलेत का, ते बघितलंत. टायर पुढचे मागं, मागचे पुढं करून बघितलेत. स्टिअरिंगचे सांधे हलवून बघितलेत. उरला ब्रेकचा ड्रम, चाकाच्या आत फिरणारं ते लोखंडी डबडं. तो जरा जरी वाकडा झाला, गोल राहिला नाही, की ब्रेकचे पट्टे त्याला एकदा धरतात, एकदा सोडतात, आणि गाडीला हुडहुडी भरल्यागत होतं. आता कुठला ड्रम, पुढचा का मागचा? पुढचा असेल तर स्टिअरिंगला कळणार, मागचा असेल तर सीटला. स्टिअरिंग तुमच्या हातात होतं. सीटसाठी तुम्ही आईला बसवलंत.

आई गाडीत बसायला घाबरायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर तिला बसवलंत, असं मी आजही म्हणते. मागच्या सीटवर आई, शेजारी मी, आणि तिच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर तुम्ही गाडी अशी सोडलीत की बाभळी नुसत्या सटासट मागं जायला लागल्या. "बघ पान्याकडं. म्या ब्रेक दाबला की पानी हाललं का सांग. आन् सांडू नको, दुष्काळाचं पानी हाय." मग ब्रेक. पाणी हललं, अर्धं तिच्या मांडीवर. "हाललं," ती म्हणाली. तुम्ही आरशातून तिच्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "थरथर तुजी हाय का गाडीची?" तिला काय सांगता येणार? तुमच्यासमोर तिचे हात लग्न झाल्यापासून थरथरत होते. पुन्हा तांब्या भरला, पुन्हा गाडी पळवलीत, पुन्हा तेच. परत येताना तुम्ही म्हणालात, "म्हशीला बसवलं आस्तं तरी कळलं आस्तं." मला हे सगळं शब्द न् शब्द आठवतं, तुम्हाला वर कुठं आठवत असेल तर बघा.

शेवटी चारी ड्रम काढून तुम्ही मागच्या गल्लीतल्या लेथवाल्या चाचांकडं नेलेत. त्यांनी ते लेथवर घासून गोल करून दिले. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. महिना गेला नाही तोच पुन्हा थरथर. पुन्हा चाचा, पुन्हा लेथ, पुन्हा महिनाभर सुख, पुन्हा थरथर. तिसऱ्यांदा तुम्ही भर रस्त्यात त्या म्हाताऱ्या माणसाची गचांडी धरलीत. "तुमची लेथच वाकडी हाय, तुमची नियतच वाकडी हाय!" चाचा एवढंच म्हणाले, "भाऊ, ड्रम माझ्याकडनं गोल जातो. तुमच्याकडं जाऊन वाकडा होतो. घरात बघा." तुम्हाला ते झोंबलं. तुम्ही त्यांच्या दारात थुंकून आलात.

आणि घरातच होतं ते. तुम्ही फेरीवरून आलात की गाडी दारात लावून सरळ आत यायचात, पाय पसरून बसायचात, चहा मागायचात. मागं काय चालतं ते तुम्हाला कशाला दिसेल? आईचं माहेर पाथर्डीकडचं. सगळं गाव ऊस तोडायला बैलगाड्या घेऊन जायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. गाड्या वेशीत आल्या की घरी राहिलेल्या बायका आधी चाकांवर पाणी ओतायच्या, मग बैल सोडायचे, मग माणसांना भाकरी. त्यात भक्ती होती तशी अक्कलही होती. उन्हानं लाकडी चाक सुकतं, त्याभोवतीची लोखंडी पट्टी, धाव, ढिली पडते. पाणी पिऊन लाकूड फुगलं की धाव घट्ट बसते. आईनं ती रीत तुमच्या मोटारीला लावली. धनी लांबून सुखरूप आला, त्याच्या चाकांना पाणी दाखवायचं. दिवसभर उसाच्या गाड्यांमागं ब्रेक मारून तव्यासारखे तापलेले तुमचे ड्रम, त्यांवर ती गार पाणी ओतत होती; तापलेलं लोखंड असं एकदम गार पडलं की वाकडं होतं. आणि पाणी कुठलं? तिच्या स्वतःच्या अंघोळीचं. दुष्काळात माणशी एक बादली मिळायची, त्यातलं निम्मं ती तुमच्या चाकांसाठी राखून ठेवायची आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. तुमच्यासाठी, दादा.

त्या दिवशी तुम्ही गाडीत राहिलेली विडी घ्यायला परत बाहेर आलात. आई पुढच्या चाकाशी वाकलेली, तांब्या तिरका, आणि चाकातून फस्सदिशी वाफ. तुम्ही ओरडला नाहीत. मला वाटलं, सुटलो. तुम्ही शांतपणे जॅक काढलात, आणि ज्या चाकावर पाणी पडायचं राहिलं होतं ते उचललंत. एकेक नट सोडवून ओळीत मांडलात. आई बिचारी पदर खोचून मदतीला उभी. "काय झालं वो? पंचर हाय का?" चाक निघालं, आतला ड्रम उघडा पडला. तुम्ही तिचा उजवा हात मनगटाशी धरलात आणि तळवा ड्रमवर दाबलात. "बघ किती तापतंय ते. आता घाल पानी." मी किंचाळत धावले, तुमच्या दंडाला लोंबकळले, तुम्ही मला कोपरानं भिंतीवर फेकलंत. वास आला. तो मी कुणाला सांगितलेला नाही आणि इथंही लिहिणार नाही. मग तुम्ही तिचा हात सोडलात, चाक परत बसवलंत, नट आधी समोरासमोरचे, मग उरलेले, अगदी नियमाप्रमाणं, आणि हात धुवायला मलाच पाणी मागितलंत.

पुढं काय? गाडी बरी झाली. चाचांची माफी तुम्ही मागितली नाहीत. उलट स्टँडवर तुम्हाला एक गोष्ट मिळाली. "आमची बायकू लई देवभोळी, ड्रमाला आंगूळ घालती!" लोक पोट धरून हसायचे. हाताचं मात्र कधी सांगितलं नाहीत. आईचा तळवा भरून आला तो चकचकीत, रेषा पुसलेला. त्या हातानं भाकरी थापायची तर ती एका बाजूला जाड व्हायची, आणि तुम्ही तुकडा मोडून म्हणायचात, "ही काय भाकर हाय का वीट?" हे म्हणताना तुमचा आवाज जराही अडखळायचा नाही. कसल्या कातडीचे होता तुम्ही, दादा!

मग तुमचे दिवस आले. आधी अंगठा, मग हात, मग मान. डॉक्टर कंपवात म्हणाले. ब्रेकचा एवढा मोठा माणूस, स्वतःच्या हाताला ब्रेक लागेना. तुम्ही खाटेवर, मी माहेरपणाला आलेली, दुपारची वेळ. तुम्ही पाणी मागितलंत. रोज आई वाटीनं पाजायची. त्या दिवशी तिनं तोच पितळी तांब्या काठोकाठ भरून आणला, तुमच्या दोन्ही हातांत दिला आणि समोर पाटावर बसली. "धरा. सांडू नगा. बघू द्या, थरथर तुमची हाय का तांब्याची." इतक्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकला, साफ, घाई नसलेला. सगळं पाणी तुमच्या छातीवर, उशीवर. तुम्ही तिच्याकडं बघत राहिलात, तुमचे ओठ तसेच कोरडे. तिनं तांब्या पुन्हा भरला, पुन्हा दिला. मग सदरा बदलताना तिनं मला हळूच विचारलं, "लई झालं का गं?" मी म्हटलं, "नाही. कमीच झालं." आजही विचारलं तर तेच सांगेन.

माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्क, हल्ली ड्रमच्या जागी असतात त्या, मिस्त्रीनं बदलल्या. काल आम्ही बायपासला पळवून बघितली. "एकदम ओके, मॅडम. कुठं काही लागत नाही," तो म्हणाला. मला लागत होतं. त्याला सोडून मी गाडी घरापुढं लावली, इंजिन बंद केलं, हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. मग तुमच्या रीतीनं एकेक वगळत गेले. वेग नाही. ब्रेकवर पाय नाही. इंजिन नाही. उजवा अंगठा हलत होता. तुमचाही उजवाच होता.

संध्याकाळी जेवताना मी तांब्या उचलला तर तो ताटाच्या काठावर वाजला. आई आता पार वाकलीय, कमी दिसतं तिला, पण ऐकू सगळं येतं. तिनं मान वर केली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. लहानपणापासून ती मला म्हणत आलीय, "बापावर गेलीय." मी मात्र त्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत बसले, दादा. थरथर तुझी का तांब्याची. ते माझ्यापर्यंत यायचंच, असं वाटत होतं. ती भिंतीला धरून उठली, तांब्या माझ्या हातातून घेतला, माझ्या ओठाला लावला, आणि खाली हनुवटीशी तो गुळगुळीत तळवा धरला, सांडू नये म्हणून. "गप पी," म्हणाली.

अक्षर वेडंवाकडं आलंय, हे तुम्हाला वाचता आलं नसतं. बरंच आहे, पाठवायचं कुणाला आहे! तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तो घोट गिळताना तुमची भिजलेली छाती आठवली आणि, खोटं कशाला बोलू, तुमची दया आली. थोडीच.