तेराव्या पत्त्याचा अर्थ

सोमवार, ४ तारीख

नोकरी लागली! भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते छापणाऱ्या छापखान्यात. पत्त्यांच्या संचाबरोबर जी पुस्तिका देतात, तिच्यात चित्रांचे अर्थ लिहायचे. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. धाकटी दोन्ही खोल्यांतून हुंदडून आली आणि मोठी खिडकी आपल्या नावावर करून मोकळी झाली. बहीण बारा वर्षांची आहे. आई गेल्यापासून माझ्याच गळ्यात पडली आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून माझं पान हलत नाही.

मालकीणबाईंनी माझे लिखाणाचे नमुने चाळले आणि फार गोड लिहिता असं म्हणाल्या. मी आभार मानले. ते कौतुक नव्हतं, हे मला खिळेकाकांनी नंतर सांगितलं. ते छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतात, म्हणून खिळेकाका. इथली रीतही त्यांनीच समजावली. चित्र समोर ठेवायचं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दिसेल ते सगळं लिहायचं, मग अर्थ. काही सोडायचं नाही, काही मऊ करायचं नाही. मी मान डोलावली. मला काय, शाळेपासून लोक नियमच सांगत आलेत.

गुरुवार, ७ तारीख

तीन पत्ते डोक्याला ताप झाले होते. पहिल्यात मनोऱ्यावर वीज पडते, मुकुट उडतो, दोन माणसं डोकं खाली करून कोसळतात. माणसांचं पडणं गाळून मी लिहिलं, खोट्या समजुती ढासळतात. दुसऱ्यात सैतानापुढे दोघं जण गळ्यात साखळी घालून उभे आहेत. मी लिहिलं, साखळी सैल आहे, मनात आणलं तर निघते. आणि तेरावा, मृत्यू. तिथे लिहिलं, मरण नव्हे, फक्त बदल. गिऱ्हाइकाला घाबरवून आपल्याला काय मिळणार?

बाई बाहेरगावी होत्या. खिळेकाका जुळवायला तयार होईनात. जबाबदारी माझी, असं मी ठणकावून सांगितलं, तेव्हा जुळवलं. दुपारी पुस्तिका छापूनही झाली. मी स्वतःवर भलतीच खूश आहे.

सोमवार, ११ तारीख

खिळेकाका शिडीवरून पडले. वरच्या फळीवरचा कागद काढत होते. डोकं खाली, दोन्ही हात पसरलेले, एक गुडघा मुडपलेला. चित्रातल्यासारखे, अगदी तसेच. खांदा मोडला.

बाई परत आल्या, पुस्तिका वाचली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, की चित्रातून पडणं काढलंत, ते ठेवलंत कुठे? मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

बुधवार, १३ तारीख

धाकटीच्या गळ्याभोवती वळ उठलाय. रुंद, लोखंडी कड्याचा असावा तसा. दुखत नाही म्हणते. काढता येईल, पण काढावंसं वाटत नाही, असंही म्हणाली. गळ्यात काहीच नाही!

धावत खाली गेले. बाई कागद कापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. चित्रातून काढलेलं काढणाऱ्याच्या आसपासच येतं म्हणाल्या. दोन आली, आता एकच राहिलं. गोड लिहिणाऱ्यांची आपल्याला कधी दया आली नाही, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

शुक्रवार, १५ तारीख

सकाळी दहाला जिन्यावर टापा. भर उजेडात. मी डोकावले, जिना रिकामा.

धाकटी म्हणते पांढरा घोडा आहे. स्वार सभ्य आहे, एकेका पायरीवर थांबतो. तिला भीती वाटत नाही. मी मात्र दाराला कडी घातली.

खिळेकाकांच्या घरी जाऊन आले. ते म्हणाले, उपाय एकच. ज्या हातानं काढलं त्याच हातानं परत चित्रात घालायचं. सरळ लिहायचं, सगळं. एक जरी गोष्ट सुटली किंवा मऊ झाली, तर ते बाहेरच राहणार.

छापखान्याला आतून कडी. बाई खिडकीतून म्हणाल्या, तुमच्यासाठी कागद वाया घालवणार नाही. म्हणून याच वहीत —

शनिवार, १६ तारीख

टापा दाराशी आल्या. लिहिते.

काळं चिलखत. आत सांगाडा. पांढरा घोडा. काळं निशाण, त्यावर पांढरं फूल. राजा आडवा, मेलेला. धर्मगुरू हात जोडून. तरुणी गुडघ्यांवर, तोंड फिरवून. मागे दोन मनोरे, मध्ये सूर्य.

अर्थ, मरण. बदल नव्हे. मरण.

टापा थांबत नाहीत. काहीतरी सुटलंय —

घोड्याच्या पायाशी एक मूल आहे. सगळ्यांत तेवढंच न घाबरलेलं. वर बघतंय. ते लिहिलं तर धाकटीही चित्रात जाईल — नाही लिहिलं तर हा स्वार इथेच —

ती दाराकडे निघाली. हाक मारली, वळत नाही —

कडी काढतेय —

लिहिते, लिहिते. घोड्यापुढे मूल. मूल म्हणजे — देवा, माझ्यानं नाही — मूल म्हणजे खरं मूल नव्हे, ते फक्त निरागसपणाचं