दुखणं किती, शून्य ते दहा

विश्रामबाग, सांगली
४ फेब्रुवारी २०२४

ती. नाथाजीकाकांना संयोगिताचा सा. न. वि. वि.,

फोनवर तुम्ही निम्मंच ऐकता, म्हणून पत्र. माझा दवाखाना एका संशोधनात घेतलाय. दातात भरायच्या दोन सिमेंटांपैकी कोणतं बरं, हे आमच्यासारख्या साध्या दवाखान्यांत बघायचंय. कुणाला कोणतं भरलं हे पेशंटला सांगायचं नाही. सहा महिन्यांनी चावताना किती दुखतं, शून्य ते दहा, एवढं विचारायचं. पलूसहून माणसं मिळतील का? तुमचीही दाढ किडलीच आहे. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो असू द्या.

आपली, संयोगिता

पलूस, २६ फेब्रुवारी

चि. संयोगितास अ. उ. आ.,

आमी खुशाल. मी धरून अठरा माजी सैनिक तुझ्याकडं येऊन दातात सिमेंट भरून आले. बिराप्पा आधी कुरकुरत होता, आपल्यावर प्रयोग म्हणजे काय. त्याला म्हटलं, पलटणीत सुई विचारून टोचली होती का? तुझा आठ पानी संमतीचा कागद वाचला कुणीच न्हाई, पण सह्या लय सरळ रेषेत हायत. तब्येतीला जप.

तुझा काका, सुभेदार नाथाजी

सांगली, २५ ऑगस्ट

ती. काकांना सा. न.,

तपासणीत अठराच्या अठरा जणांनी शून्य सांगितलं. साताऱ्याहून संशोधनाच्या मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, एवढं सुख तर चांगल्या दाताच्या माणसालाही नसतं. आकडे मी घरी बसून लिहिले, असा त्यांना संशय आहे. दवाखाना संशोधनातून काढतील. तुमच्यातल्या भाऊसोंनी शून्य सांगितलं आणि चहाचा घोट घेताना डोळे मिटून खुर्ची घट्ट धरली. तुम्ही त्यांना काही बोलला होता का? रागावणार नाही, खरं कळवा.

आपली, संयोगिता

पलूस, ३० ऑगस्ट

चि. संयोगितास आशीर्वाद,

विचारलंस म्हणून लिवतो. तपासणीला येताना एसटीत बसायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, आपल्या पोरीची परीक्षा हाय, दुखतं म्हणायचं न्हाई. माझी सोताची दाढ एप्रिलपासनं ठणकतीय. भाकरी दुधात कुस्करून खातो. तुझ्या काकूला सांगितलंय, आता अशीच आवडतीय. तू नापास होऊ नयेस, एवढंच मनात होतं.

तुझा काका

सांगली, ३ सप्टेंबर

ती. काकांना सा. न.,

पत्र वाचताना आधी हसले, मग दुधातल्या भाकरीपाशी थांबले. काका, नापास व्हायचं ते सिमेंटनं. पण तुम्ही शून्य म्हणालात तेव्हा मलाही बरं वाटलं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. ती चूक माझी. मॅडमना सगळं सांगितलंय. संमतीचा कागद आता वाचून दाखवू, आणि प्रश्न दुसरी मुलगी विचारेल, मी बाहेर बसेन. तुम्ही मात्र थांबू नका, पत्र मिळताच या.

आपली, संयोगिता

पलूस, २२ सप्टेंबर

चि. संयोगितास अ. उ. आ.,

तू इंजेक्शन देऊन परत भरलीस तवापासनं दाढ गप झाली. काल भाकरी चावून खाल्ली, काकू बघत बसली. परवा सगळ्यांची फेरतपासणी झाली तवा तू बाहेर होतीस, म्हणून कळवतो. सात जणांनी दुखतं म्हणून सांगितलं. बिराप्पानं अकरा सांगितले. दहाच्या वर आकडा न्हाई हे त्याला पटवताना त्या पोरीचा अर्धा तास गेला. मॅडम म्हणाल्या, आता हे माणसांचे आकडे वाटतात, दवाखाना राहू दे. मी दोन सांगितले. खाली आणखी काही सांगायचं असल्यास, अशी ओळ होती. तिथं लिवलं, डॉक्टरीणबाईच्या इंजेक्शनला नऊ. खरं सांगायला तूच लावलंस, तवा मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा काका, नाथाजी