बारा क्रेडिट, पाच जणी

५ सप्टेंबर, गुरुवार

बावन्न वर्षांच्या बाईला शर्यतीत पळ म्हणतात! तेही सूपच्या पातेल्यासमोर, दुपारच्या गर्दीत!

कोच डेंगलनी वाडगा भरून घेतला आणि हलेचनात. "अर्लीन, तू रोज सकाळी नदीकाठानं पळतेस ना? आणि यंदा बारा क्रेडिटचे विषय घेतलेस म्हणे?" घेतलेत. कॉलेजच्या खानावळीत बावीस वर्षं राबतेय, कर्मचाऱ्यांना फी माफ आहे, मग पदवी का सोडू? "म्हणजे तू पूर्ण वेळ विद्यार्थिनी झालीस. वयाची अट नाही. माझ्याकडे चारच मुली उरल्यात गं."

क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या, टेकड्यांवरच्या शर्यतीत, पाच जणींचे नंबर मिळून संघाचा निकाल लागतो. चारच पोचल्या तर संघ धरतच नाहीत. आणि खेळ विभागाच्या प्रुइटनं बजावलंय — नोव्हेंबरच्या शर्यतीत पाच जणी पोचल्या नाहीत, तर मुलींचा संघ बंद. फुटबॉलवाल्यांना मात्र दोन-दोन बस!

मी म्हटलं, रांग अडवू नका.

६ सप्टेंबर

हो म्हणून आले. नवरा हसत सुटलाय. हसू दे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गुडघा टम्म सुजलाय. बर्फ लावून लिहितेय.

चौघींत ब्रिन सर्वांत फटकळ. चढावर मला धाप लागली तर म्हणते, "आजीबाई, ॲम्ब्युलन्स बोलावू का?" म्हटलं, "बोलाव, तूच बसून जा." परतीच्या चढावर तिला मागं टाकलं! जेवायला आली तेव्हा बाईसाहेब मुकाट माझ्याच रांगेत. मी तिला बटाटे जास्त वाढले, मुद्दाम.

या पोरी पहाटे पाचला उठतात, पळतात, वर्गात जातात, संध्याकाळी ग्रंथालयात काम करतात. बघायला कुत्रं येत नाही. आणि हा प्रुइट म्हणे संघ बंद करणार. बघतेच!

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज जवळजवळ सगळं मातीत घातलं होतं — मीच!

संख्याशास्त्रात शंभरात एक्केचाळीस. सल्लागार बाई गोड आवाजात म्हणाल्या, "विषय सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही." मलाही बरंच वाटलं. पळायला वेळ मिळेल, गुडघ्याला आराम मिळेल. अर्ज भरला, कार्यालयाच्या पेटीत टाकला आणि संध्याकाळचं जेवण वाढताना पा कूला फुशारकीनं सांगितलं. पा कू आमची सर्वांत वेगवान, गणितात हुशार. तिच्या हातातला चमचाच पडला.

"वेडी झालीस का तू? तीन क्रेडिट गेले की नऊ उरतात! बाराच्या खाली गेलीस की तू पूर्ण वेळ विद्यार्थिनी नाहीस. तुला पळूच देणार नाहीत!"

कार्यालय पाचला बंद, दहाच मिनिटं उरलेली. पळालो. ती पुढं, मी मागं, डोक्यावर खानावळीची जाळीची टोपी! कार्यालयातली बाई पेटी उघडतच होती. तिनं घड्याळाकडं पाहिलं, माझ्या टोपीकडं पाहिलं आणि अर्ज परत दिला. मी तिथंच फाडला.

आता पास व्हायलाच हवं. पा कू म्हणाली, "मी शिकवते. रडायचं नाही."

४ ऑक्टोबर

रडले. मग गणितं केली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

अडुसष्ट!! पोरीनं आमच्या पळण्याच्या वेळा घेऊनच मला सरासरी शिकवली. माझ्या वेळांमुळं सगळ्यांची सरासरी बिघडते, हे पहिल्यांदा आकड्यांत कळलं. ब्रिन म्हणाली, "आम्हाला आधीच माहीत होतं."

२ नोव्हेंबर, शनिवार

सहा किलोमीटर. सत्त्याण्णव जणींत मी सत्त्याण्णवावी.

दुसऱ्या टेकडीनंतर पुढं कुणीच दिसेना. माणसं रस्त्याकडेच्या झेंड्या उपटायला लागली होती. एकाला ओरडून सांगितलं, "अहो, लावा ती परत! मी अजून यायचेय!" बिचाऱ्यानं लावली. शेवटच्या वळणावर गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी. चालू का, वाटलं. तेवढ्यात चौघी शेवटच्या रेषेजवळच्या दोरीपाशी दिसल्या, बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. ब्रिन चक्क रडत होती. म्हणत होती, "आजीबाई, चाललीस तर याद राख!"

नाही चालले. पोचले. निकालाच्या कागदावर आठ संघ, आठवे आम्ही. पण आहोत! कोचनी आमची ओळ मला दोनदा वाचून दाखवली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे नवऱ्यालाही सांगितलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

संघ बंद. विश्वस्तांनी जूनमध्येच ठरवलं होतं. जूनमध्ये!

प्रुइटच्या खोलीत तशीच गेले, हाताच्या पिठासकट. मग पाच जणींची अट कशाला घातली? म्हणतो कसा, "मुली मधेच कॉलेज सोडून गेल्या असत्या. काहीतरी आशा दाखवावी लागते, अर्लीन." मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. म्हटलं, "पाच जणी पोचणारच नाहीत असं धरून चालला होतात तुम्ही." तो कागद चाळत बसला.

११ नोव्हेंबर, सोमवार

नदीपलीकडच्या कॉलेजनं डेंगलना बोलावलंय. तिथं मुलींचा संघच नाही, नव्यानं उभा करायचाय. चौघींनी जायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही — माझी नोकरी इथं, फीची माफी इथं. नोकरी गेली की पदवीचे पैसे पदरचे.

सकाळी राजीनामा दिला. मग कोचना फोन करून विचारलं, पाचवी कोण आहे.