पुस्तकं मिटा

भिंगार
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

चि. लीनास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, हे पहिल्या ओळीत लिहायचं असं पत्रलेखनाच्या तासाला मीच तुम्हा मुलांना शिकवलं, तेव्हा लिहून टाकतो: इकडे सगळं ठीक आहे. श्रावण कोरडाच चाललाय. दुपारी एखादी सर येते, अंगण भिजल्यासारखं करते आणि निघून जाते. पारिजातक मात्र भरभरून फुलतोय. सकाळी लष्कराच्या कॅम्पातला बिगूल वाजला की मी फाटकापर्यंत जातो. पायाखाली फुलं मऊ लागली की कळतं, आज सडा पडलाय.

अक्षर वाकडं वाटलं किंवा एखादी ओळ दुसरीच्या खांद्यावर चढली असली, तर दोष पेनाला दे. लिहिलेलं परत वाचून दुरुस्त करायची माझी सवय आता गेली आहे.

शनिवारी तू फोनवर जे बोललीस त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं नाही, कारण ‘सात पायऱ्यांचं घर’ ही माझी मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडणार. पडू दे. तुझं बोलणं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. पाठांतर हा एकच दागिना या वयात माझ्याकडे राहिलाय.

“अण्णा, माझं कवितांचं पुस्तक तुमच्याकडे येऊन दोन महिने झाले. एक पान तरी उलटलंत? अख्ख्या शाळेला कविता पाठ करायला लावणारा माणूस आता बायकांच्या भांडणात रमतो. कुणाला सांगायची लाज वाटते मला. गणपतीला येईन तेव्हा पुस्तक परत घेऊन जाईन. ज्याला वाचायचंच नाही, त्याच्या कपाटात कशाला राहू द्यायचं?”

आणि तू फोन ठेवलास. तुझ्या आईसारखाच, ‘ठेवते’ न म्हणता.

पुस्तकाचं मी पुढे लिहितो. आधी मालिकांचं.

मी मालिका बघतो. बघणार. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. तुझं पहिलं म्हणणं असं, की त्यात एकच गोष्ट तीन तीनदा सांगतात. सांगतात खरं. शर्वरीच्या नवऱ्याने घर आत्याबाईंच्या नावावर केलं, हे आधी ड्रायव्हरने माळ्याला सांगितलं. माळ्याने स्वयंपाकीणबाईंना सांगितलं. मग शर्वरी स्वतःशीच म्हणाली, “म्हणजे... हे घर... आत्याबाईंचं?” आणि बाहेर आभाळ निरभ्र असताना कडकडून वीज पडली. तुम्ही शहाणी माणसं याला हसता. पण बाळ, कवितेत ध्रुवपद दुसरं काय करतं? प्रत्येक कडव्यानंतर फिरून दारात येतं, ‘आहे ना रे लक्षात?’ म्हणून विचारतं. सातवी ‘ब’च्या वर्गात ध्रुवपद आलं की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी होऊन ओरडायची. पावसाळ्यात ओल्या सदऱ्यांचा वास, पत्र्यावर थेंबांचा ताल आणि त्या तालावर साठ गळे! मी डस्टरने टेबलावर मात्रा मोजायचो. ‘सात पायऱ्यांचं घर’चं शीर्षकगीत चक्क पादाकुलक वृत्तात आहे, हे त्या वाहिनीलाही ठाऊक नसेल. मी रोज त्यावर बोटं वाजवतो.

दुसरं तुझं म्हणणं, की ही माणसं मनातलं मोठ्याने बोलतात, असं कुठे असतं का? नसतं. म्हणून तर हवं! आपल्या घरात कोण कधी मनातलं बोललं? तुझ्या आईच्या मनात काय आहे ते मला ती असेपर्यंत भांड्यांच्या आवाजावरून ओळखावं लागलं. पातेलं टेकवलं तर बरं आहे, आदळलं तर बाहेर फिरून यावं. शर्वरी बिचारी सगळं सांगते. आत्याबाई कट करतात तोही स्पष्ट उच्चारात. त्यांचा ‘ळ’ ऐकावा असा आहे. त्या यायच्या आधी पखवाज वाजतो, शर्वरीच्या बांगड्या काचेच्या, नवरा कायम चपला फरफटत चालतो. कोण आलं, कोण गेलं, कोण दाराआड उभं आहे, सगळं कळतं. ज्यांना ही ढोबळ करमणूक वाटते त्यांना वाटो. मला ती सभ्य वाटते. कुणालाही अंधारात ठेवत नाही.

आता तो दुसरा कार्यक्रम, ज्यात धडधाकट माणसं स्वतःला एका बंगल्यात कोंडून घेतात आणि एकमेकांवर ओरडतात. अर्णवने मला विचारलं होतं, “आजोबा, तुम्ही हे पण बघता?” तुझ्या लेकाला माझं उत्तर दे: हो, हे पण. सकाळी गळ्यात गळा, दुपारी पाठीमागे चुगली, रात्री रडून माफी. आमच्या शिक्षकांच्या खोलीत निवृत्तीपर्यंत मी हेच पाहिलं. फक्त कॅमेरा नव्हता आणि बक्षीस नव्हतं.

गाण्याच्या स्पर्धेत तर मी परीक्षकांच्या आधी निकाल देतो. परवा त्या सगळ्यांनी उभं राहून एका मुलाला टाळ्या दिल्या. मी इथे खुर्चीतून ओरडलो, “श्वास चुकला रे, श्वास!” शेजारी बसलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, “आवो, पर दिसतोय किती गोजिरा!” दिसण्याचा आणि गाण्याचा काय संबंध, यावर आमचं पुढच्या जाहिराती संपेपर्यंत भांडण झालं.

मनकर्णाबाई तुला माहीत आहेत, मागच्या गल्लीतल्या, मूळच्या जामखेडकडच्या. त्यांच्या घरी सूनबाई क्रिकेट लावते, म्हणून त्या आमच्याकडे येतात. येताना वाटीत काहीतरी झाकून आणतात आणि जाताना माझी अक्कल काढतात.

वाल्मिकही येऊन गेला. वाचनालयाचा चिटणीस आहे तो आता; शाळेत असताना शुद्धलेखनात नेहमी मार खायचा. म्हणाला, “सर, आमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात वाचनावर दोन शब्द बोला, शेवटी एक कविता वाचून दाखवा. तुमच्याशिवाय कोण आहे?” मी म्हटलं, “त्या वेळी माझी मालिका असते.” तो इतका वेळ काही बोलेना की मला वाटलं उठून गेला. मग हळूच म्हणाला, “सर, तुम्ही पण?” त्याने बाहेर जाऊन काय सांगितलं असेल ते मी ओळखू शकतो. सांगू दे. माझ्या नावाला मालिकेचा डाग लागलेला मला चालेल.

दुसरा चालणार नव्हता.

एक प्रसंग सांगतो. सांगू की नको असं शनिवारपासून चाललंय. गेल्या महिन्यात मनकर्णाबाई शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. मालिका सुरू झाली आणि त्या किंचाळल्याच.

“अगं बया! गुर्जी, ही कोन भवानी आनली?”

“कोण?”

“कोन काय इचारता? शर्वरी म्हनून दुसरीच उभी केलीय की! ती कशी नाकेली, उभट हुती. हिचं तोंड बघा, भरताच्या वांग्यावानी. बदलली की वो शर्वरी!”

मी आपला सहज म्हणालो, “आवाज थोडा बसलाय खरा. मला वाटलं, तिला सर्दी झालीय.”

मनकर्णाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“गुर्जी, माज्या हातात काय हाय?”

“तुमचा नेहमीचा आगाऊपणा.”

त्या हसल्या नाहीत. “लीनाताईला ठावं हाय का?”

“नाही. आणि तुम्ही सांगायचं नाही.”

“म्या कशाला सांगू? तुमचं तुमी सांगा. पर लई येडं हाय तुमी, गुर्जी. लई म्हंजे लईच.” आणि आवाज परत सुरू करून, त्या वांग्याच्या तोंडाच्या शर्वरीला शिव्या घालत शेवटपर्यंत बसल्या. त्या दिवशी जाताना त्यांनी माझी अक्कल काढली नाही. मला फार वाईट वाटलं.

तर आता लिहितो. लीना, मला वाचता येत नाही.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तुझ्या पुस्तकाच्या आधीच, होळीच्या सुमाराला. रिक्षा करून एकटाच गेलो होतो. इंजेक्शनं झाली. आता आहे ते टिकवायचं, एवढंच. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. पानाचा समास दिसतो. ओळी दिसत नाहीत. हे पत्र कागदावर लाकडी पट्टी टेकवून, हाताच्या सवयीवर लिहितोय. पेनाला उगाच दोष दिला.

तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच दिवशी गाडी घेऊन आली असतीस. मला पुण्याला नेलं असतंस, गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं असतंस, आणि येता-जाता सगळ्यांनी मला हाताला धरलं असतं. मी येणार नाही. रागाव, रड, तुझ्या नवऱ्याला पाठव. मी येणार नाही. या घराच्या पायऱ्या, कोपरे, नळाची गळकी चावी, सगळं मला पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीला डोळे लागत नाहीत. सकाळी बिगूल आहे. दुपारी एकट्याने म्हणायला अख्खं पाठ्यपुस्तक डोक्यात आहे. संध्याकाळी मालिका आहे. मालिका वाईट आहेत हे तू मला कशाला सांगतेस? इतकी वर्षं भाषा शिकवली, चांगलं-वाईट मला कळतं. पण चांगल्या पुस्तकांनी माझ्यापुढे दार लावून घेतलं तेव्हा याच वाईट मालिकांनी मला आत घेतलं. तेही एकेक गोष्ट तीन तीनदा समजावून सांगत. त्यांच्याविरुद्ध मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. तुझ्याकडूनसुद्धा.

आता तुझं पुस्तक.

ते कपाटात नाही. माझ्या उशाशी आहे. आलं त्या दिवशी पाकीट फोडून मी आधी वास घेतला. मग मुखपृष्ठावरून बोट फिरवलं. तुझं नाव उठावाच्या अक्षरांत छापलंय, ते बोटाला लागलं. ‘ली’ची दीर्घ वेलांटी मी तुला पाटीवर हात धरून गिरवून दिली होती. ती बोटाला ओळखू आली.

मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, “म्या वाचू का? चौथी शिकलीय म्या.” मी नको म्हटलं. वाल्मिकने वाचायला मागितलं, त्यालाही दिलं नाही. याला हट्ट म्हण. पण नवी कविता वर्गात कशी सुरू व्हायची ते तू विसरली नसशील. मी आत आलो की पहिलं वाक्य, “पुस्तकं मिटा.” कविता आधी कानाने घ्यायची, डोळ्यांचं काम नंतर. साठच्या साठ पुस्तकं फटाफट मिटायची. एकटी तू, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, एक बोट पानात ठेवून मिटायचीस. ते मला रोज दिसायचं, आणि मास्तरांची मुलगी म्हणून मी रोज सोडून द्यायचो.

तेव्हा तुझ्या कविता मी आधी ऐकणार, आणि त्या ज्या गळ्यातून आल्या त्याच गळ्यातून ऐकणार. गणपतीला ये. पुस्तक परत न्यायचं असेल तर ने, पण आधी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत मला वाचून दाखव. मालिका मी बंद करणार नाही, हे आत्ताच सांगतो. जाहिराती पुष्कळ असतात. एका जाहिरातीत तुझी एक कविता सहज बसेल. आवडली तर परत वाचायला लावीन. तीनदा लावीन. तेव्हा हसायचं नाही. आणि श्वास चुकला तर मी ओरडणार, मुलगी म्हणून सोडणार नाही.

एक काम आणखी आहे. मालिकेत सगळं मोठ्याने सांगतात, साडीचा रंग मात्र कुणी सांगत नाही. मनकर्णाबाईंना विचारलं तर म्हणतात, “भारी हाय.” तेवढ्याने माझं भागत नाही. तू शेजारी बस आणि रंग सांग. शर्वरीचा नंतर सांगितलास तरी चालेल. दारात येशील तेव्हा आधी तुझ्या साडीचा सांग.

अर्णवला आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. हे पत्र मी परत वाचलेलं नाही. जे लिहायचं नव्हतं तेही त्यात गेलं असेल, तर जाऊ दे.

पुस्तक मिटून, पानात बोटही न ठेवता बसलेला,
तुझा अण्णा